मामांना मायलोमासाठी ट्रायल सुचवलीय, घरात दोन तट पडलेत. काय विचारायचं?

पूर्वभाग:
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचक असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

मामा ६४ वर्षांचे. आम्ही सोलापूरचे, तेलुगू घरातले. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, आता धाकटा मुलगा बघतो. त्यांना मल्टिपल मायलोमा आहे, म्हणजे हाडांच्या मगजातल्या पेशींचा रक्ताचा कॅन्सर. सुरुवात पाठदुखीने झाली. बरेच महिने मणक्याचं दुखणं समजून शेक आणि पट्टा चालू होता. मग रक्त कमी निघालं, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलेलं, तेव्हा कुठे प्रोटीनची तपासणी झाली. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सा ही औषधं झाली, मुंबईला स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट झालं. मधली वर्षं खरंच छान गेली, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागे चाललेसुद्धा. आता एम-प्रोटीन, म्हणजे या आजाराचं रक्तातलं माप, परत वर जातंय.

मुंबईच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे बाजारात मिळणारी पुढची औषधं. दुसरा म्हणजे फेज थ्री ट्रायल (औषधाच्या चाचणीचा मोठा, तुलनेचा टप्पा), ज्यात एक नवीन इंजेक्शन आहे. जाडजूड फॉर्म दिला आणि म्हणाले, घरी वाचा, घाई नाही.

मामी म्हणते, आमच्या माणसाचा उंदीर करू देणार नाही. हैदराबादचा मोठा मुलगा म्हणतो, लाखोंचं औषध फुकट मिळतंय, सही करा. मामा म्हणतात तुम्ही ठरवा, म्हणजे बोलतच नाहीत. वाचायचं काम माझ्याकडे आलंय, कारण मी बीएस्सी. (वनस्पतिशास्त्र. कुणी हसू नका.)

खोटं औषध देऊन बसवतील का? मधूनच सोडता येतं का? खर्च कुणाचा? आणि सोलापुरातून हे जमतं का? कुणी यातून गेलंय का?

सातरस्ता:
मामी बरोबर बोलायलेत. तुम्ही तेलुगू घरातले म्हणून सांगतो, तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या खम्ममचं विसरलात काय? २००९-१० मध्ये मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची) लस टोचली, संमतीच्या कागदावर आईबापाच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या! प्रकल्प थांबवायला लागला, पुढे २०१३ ला संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. गरीब माणूस दिसला की फॉर्म पुढे करायलेत हे लोक. विचार करा राव.

शेंगाचटणी:
सातरस्ता, खम्ममचं खरं आहे, पण त्यावरून मायलोमाचं ठरवू नका.

मी सीएमएलचा रुग्ण, हाही एक रक्ताचा कॅन्सर. बरीच वर्षं झाली, रोज एक गोळी आणि वर्षातून काही वेळा पीसीआर (रक्तात आजार किती उरलाय ते मोजणारी तपासणी), बाकी संसार चालू. ती गोळी, इमॅटिनिब, १९९८ मध्ये पहिल्यांदा माणसांना दिली तेव्हा ती फेज वन होती. म्हणजे जिथे 'गुण येईल' असं वचन कुणी देत नाही तो टप्पा. इंटरफेरॉन या तेव्हाच्या औषधाला दाद न देणारे रुग्ण घेतले होते. ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्त पूर्ण सुधारलं. मग ११०६ रुग्णांची मोठी चाचणी झाली, अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना इंटरफेरॉन आणि सायटाराबिन. अमेरिकेत २००१ मध्ये मंजुरी. दहा वर्षांनी त्यातल्या गोळीच्या गटातले ८३ टक्के हयात होते. ते लोक 'उंदीर' झाले नसते तर मी आज शेंगा भाजत बसलो नसतो.

भारतात ही गोळी सुरुवातीला अशक्य महाग होती. कंपनीच्याच मदत योजनेतून मला ती मिळाली. नंतर १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं, आता जेनेरिक खिशाला झेपते.

लॅबवाली:
मी पुण्यात काही वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर होते, म्हणजे रुग्णाच्या तारखा, नमुने, फॉर्म आणि शिव्या सांभाळणारी व्यक्ती. आता माहेरी, सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात. लांब लिहितेय, चहा घेऊन बसा.

पूर्वभाग, खोट्या औषधाची भीती प्रत्येक घरात असते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपचार असताना रुग्णाला नुसत्या साखरेच्या गोळीवर ठेवत नाहीत, एथिक्स कमिटी (चाचणी रुग्णांसाठी योग्य आहे का ते तपासणारी समिती) ते मंजूरच करणार नाही. फेज थ्रीमध्ये बहुतेक वेळा एका गटाला आजचा मान्य उपचार आणि दुसऱ्याला नवीन औषध, किंवा जुन्यासोबत नवीन. कुठला गट ते संगणक ठरवतो. डॉक्टरांची ओळख काढून उपयोग नाही. वशिला चालला तर ती चाचणीच राहणार नाही.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न नवीन इंजेक्शनाबद्दल नको, दुसऱ्या गटाबद्दल हवा. "मामा नव्या औषधाच्या गटात नाही गेले तर त्यांना नेमकं काय मिळेल? आणि ट्रायलमध्ये न जाता तुम्ही त्यांना काय दिलं असतं?" ही दोन उत्तरं शेजारी ठेवा. दुसऱ्या गटातलं औषध बाहेर दिलं असतं त्याच तोडीचं असेल, तर हरण्यासारखं फार नाही. ते जुनाट, कमी दर्जाचं असेल तर मामींच्या बाजूने मी मत देते. माझ्या अनुभवात नातेवाईक नव्या औषधाबद्दल खूप विचारतात आणि या गटाबद्दल काहीच नाही.

'इंजेक्शन' म्हणालात, ते कुठल्या प्रकारचं ते लिहा. मायलोमात सध्या दोन तोंडांच्या अँटिबॉडीज बऱ्याच तपासल्या जातात. त्यांचं एक टोक आपल्या टी-पेशीला (रोगाशी लढणाऱ्या पेशीला) धरतं, दुसरं मायलोमाच्या पेशीला, आणि दोघांची गाठ घालून देतं. कामाला जोरदार, पण सुरुवातीच्या डोसांना ताप आणि रक्तदाब खाली जाणं हे होऊ शकतं, म्हणून ते डोस हळूहळू वाढवत, बहुधा भरती करून देतात. नंतर जंतुसंसर्गाचा धोका मोठा. तसं असेल तर पहिले काही आठवडे हॉस्पिटलच्या जवळ राहावं लागेल, आणि सोलापूरच्या माणसासाठी औषधाइतकाच हा प्रश्न मोठा आहे.

खर्चाचं असं. कंपनीची ट्रायल असेल तर चाचणीचं औषध आणि चाचणीसाठीच्या तपासण्या मोफत असतात, येण्याजाण्याचे पैसेही बहुधा मिळतात. पण काही चाचण्या डॉक्टर मंडळी स्वतः उभ्या करतात, तिथे नेहमीच्या उपचाराचा भाग रुग्णाकडे येऊ शकतो. दोन्ही प्रकार चांगले असू शकतात, फक्त आधी लिहून घ्या. आणि 'ट्रायलमध्ये जागा आहे, इतके भरा' असं कुणी म्हणालं तर तिथून निघा.

सोडायचं म्हणाल तर कधीही, कारण न देता. त्यावरून पुढचे उपचार अडवता येत नाहीत. मात्र सोडल्यावरही शेवटची एक तपासणी करून घ्या, ती तुमच्याच भल्याची.

अजून एक. सही केली म्हणजे आत गेलात असं नाही. आधी स्क्रीनिंग, म्हणजे रुग्ण अटींत बसतो का याची तपासणी. किडनीचे आकडे, आधी कुठली औषधं किती घेतली, मधे किती दिवसांची सुट्टी, हृदयाचा एको, हिपॅटायटिस. मायलोमावाल्यांना किडनी दगा देते. घरचे आशा लावून बसतात आणि एक आकडा आडवा येतो. मामांना हे आधीच सांगून ठेवा.

हुतात्माने_पुणे:
+१. माझ्या वडिलांच्या लिम्फोमाच्या वेळी स्क्रीनिंगमध्येच गाडी अडली होती. नंतर नेहमीची केमो झाली, आज ठणठणीत. ट्रायल मिळाली नाही म्हणजे दार बंद असं नसतं.

निवासी:
मेडिसिनचा रेसिडेंट आहे, हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचा तज्ज्ञ) नाही, त्या मापाने वाचा.

शेंगाचटणींनी चांगलं उदाहरण दिलं, मी उलटं देतो, कारण मायलोमातच ते घडलंय. व्हेनेटोक्लॅक्स हे रक्ताच्या इतर कॅन्सरांमध्ये नावाजलेलं औषध. मायलोमात बोर्टेझोमिब-डेक्सासोबत ते दिलं आणि २९१ रुग्णांत तुलना केली. आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, पण मृत्यू मात्र व्हेनेटोक्लॅक्सच्या गटात जास्त झाले. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला. त्याआधी २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाच्या दोन मायलोमा चाचण्या याच कारणाने थांबवल्या. बाकी कॅन्सरांमध्ये हेच औषध गाजत होतं.

म्हणजे 'नवीन ते चांगलं' हे हैदराबादच्या भावाचं गृहीतकही तितकंच कच्चं आहे. चाचणी घेतात ती कुणालाच उत्तर माहीत नसतं म्हणून. पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. ते मृत्यू लक्षात आले, कारण कुणीतरी बाहेरून आकडे बघत होतं. मोठ्या चाचणीत डेटा सेफ्टीची स्वतंत्र समिती असते. विचारा, या चाचणीत आहे का आणि तिने शेवटचा आढावा कधी घेतला. हा प्रश्न आला की डॉक्टर सरसावून बसतात असा अनुभव आहे.

व्हेनेटोक्लॅक्सचा फायदा ११ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल असलेल्या रुग्णांत जास्त दिसला, हे पुढे कळलं. म्हणून मामांचा फिश तपासणीचा (गुणसूत्रांतले बदल दाखवणारा) रिपोर्ट हाताशी ठेवा. जुना असला तरी.

तुळशीमंजिरी:
आमच्या ओळखीत एका वैद्यांचा काढा आहे, तीन जणांना गुण आला. ट्रायलसोबत चालू ठेवा, त्याने काही होत नाही.

लॅबवाली:
तुळशीमंजिरी, हात जोडून सांगते, लपवून नको. किडनी आधीच नाजूक असलेल्या माणसाला कशात काय आहे ते माहीत नसलेला काढा देणं हा सुद्धा प्रयोगच, फक्त त्यावर कुणाची देखरेख नाही. चाचणीत घ्यायच्या-न घ्यायच्या औषधांची यादी असते, जे चालू आहे ते सगळं सांगायचं, कारखान्याच्या हिशोबासारखं.

बार्शीकर:
उंदीर वगैरे वाचून राहवलं नाही. आपल्या भागाला संशोधन नवं नाही, दादांनो. आमच्या बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासूनची, देशातली पहिली. गावोगाव फिरून कॅन्सरचे रुग्ण मोजायचे, तेही मोबाइल नसताना.

आणि १९९९ ला शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था. १,३१,७४६ बायका, वय ३० ते ५९, गावांचे ५२ गट. कुठल्या गटाला एचपीव्ही तपासणी, कुठल्या गटाला पॅप (पेशींची तपासणी), कुठे व्हिनेगर लावून नजरेने तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच व्यवस्था. २००९ ला निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर त्याचा दाखला देतात. आमची आत्या त्या बायकांतली, तिला आजही त्याचं कौतुक सांगता येत नाही, तिच्या लेखी 'दवाखान्याची गाडी आली होती' एवढंच.

सातरस्ता:
बार्शीकर, चौथ्या गटाचं काय? त्या बायकांना तपासलंच नाही ना! त्यावरून परदेशात पण टीका झाली होती. तेच तर मी म्हणायलोय.

बार्शीकर:
झाली, आणि टीका बिनबुडाची नव्हती. बाजू घेणारे म्हणतात की तेव्हा गावात कुठलीच तपासणी नव्हती, म्हणजे काढून काही घेतलं नाही. मला स्वतःला हे उत्तर पूर्ण पटत नाही. पण बघा, तुम्ही आणि लॅबवाली ताई एकाच जागी आलात, दुसऱ्या गटाला काय मिळतं तिथेच सगळं आहे.

काळाकोट:
कायद्याचं थोडं. २०१९ च्या मार्चमध्ये नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम आले, आता तेच लागू आहेत. एथिक्स कमिटीत किमान सात जण, त्यातले निम्मे त्या संस्थेबाहेरचे, एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक, एक तरी स्त्री. फॉर्मवर त्यांचा संपर्क असलाच पाहिजे. नसेल तर सही नको. गंभीर त्रास झाला तर डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई वेगळी.

भरपाईचं सूत्र मात्र वाचून ठेवा. मूळ आकडा ८ लाख, त्याला वयाचा गुणक आणि जोखमीचा गुणक. जोखमीचा गुणक निरोगी माणसाला ४, आणि ज्याचं आयुष्य सहा महिन्यांच्या आत संपेल असं मानलं जातं त्याला ०.५. आजारी आणि वयस्कर माणसाचा आकडा लहान होतो. मला हे सूत्र निष्ठुर वाटतं, पण आहे ते असं आहे. त्यामुळे 'काही झालं तर कोटभर मिळतील' असं कुणी सांगितलं तर थापा.

कागदाबद्दल. माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं, आणि एक प्रत तुमची. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो, घरचा किंवा दवाखान्याचा माणूस नव्हे. सही मामांची. तुमची, मामींची किंवा हैदराबादच्या भावाची चालत नाही.

पूर्वभाग:
सगळ्यांचे आभार. हे छापून मामांना वाचून दाखवलं. काळाकोट, 'सही मामांची' ऐकल्यावर ते पहिल्यांदा बोलले, "मग मलाच समजलं पाहिजे की."

आमच्या घरी बोलणं तेलुगूत. मामा मराठी वाचतात, मामीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तेलुगू प्रत मिळेल का?

लॅबवाली:
मागा. चाचणी आंध्र-तेलंगणातही चालू असेल तर तेलुगू प्रत मंजूर झालेली असणारच. ते कसं कळेल सांगते. सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) चालवते, २००७ पासून. २००९ पासून औषधाच्या चाचण्यांची नोंद सक्तीची आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. सीटीआरआय ने सुरू होणारा नंबर बहुधा फॉर्मवर असतो, नाहीतर डॉक्टरांकडे मागा. संकेतस्थळावर तो टाकायचा, पैसे लागत नाहीत. चाचणी कोण करतंय, पैसा कुणाचा, दोन्ही गटांत काय देणार, आणि कुठल्या कुठल्या गावच्या कुठल्या दवाखान्यात ती चालू आहे, सगळं दिसतं. नंबरच नसेल तर डॉक्टरांना विचारा का नाही.

पूर्वभाग:
बघितलं. लॅबवाली ताई, तुमचे पाय कुठे आहेत?

यादीत हैदराबाद आहे! मोठा मुलगा जिथे राहतो तिथून गाडीने अर्धा-पाऊण तास. आम्ही मुंबईला राहायचं कुठे यावर भांडत होतो आणि इकडे घरातली खोली रिकामी. मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, सही इथे केलेली नाही, त्यामुळे तिथे दाखवायला काहीच हरकत नाही, मी पत्र देतो. तेलुगू प्रत तिथेच मिळणार.

दुसऱ्या गटाचंही विचारलं. त्यात डॅराटुमुमॅब हे मायलोमाचं औषध असलेला उपचार आहे. बाहेर काय दिलं असतं विचारलं तर म्हणाले, "तेच सुचवलं असतं, फक्त तुम्हाला परवडलं असतं का ते वेगळं." निवासी, डेटा समितीचा प्रश्न पण विचारला. आहे म्हणाले. आणि हो, सरसावून बसले, फोनवर असूनही कळलं.

इंजेक्शन दोन तोंडांचंच आहे. मामी आता तापाबद्दल विचारतेय, उंदराबद्दल नाही.

सातरस्ता:
आता बरं वाटायलंय वाचून. पण तापाला रात्री बारा वाजता कुणाला फोन करायचा ते लिहून घ्या बे. नंबर चालू आहे का आधी लावून बघा.

निवासी:
सातरस्तांचा हा सल्ला धाग्यातला सर्वात उपयोगी. आणि हैदराबादहून सोलापूरला परत आल्यावर ताप आला तर इथल्या डॉक्टरांना औषधाचं नाव कळायला हवं. चाचणीचं ओळखपत्र खिशात ठेवायला लावा. इथल्या कॅज्युअल्टीत कुणी ते इंजेक्शन पाहिलेलं नसेल, कार्डावरच्या नंबरवर बोलल्याशिवाय कुणी स्वतःहून स्टिरॉइड सुरू किंवा बंद करू नये.

हुतात्माने_पुणे:
रेल्वेची सवलत घ्या. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण माफी, सोबतच्याला ७५ टक्के. ठरलेल्या नमुन्यात दवाखान्याचा दाखला लागतो.

माळीणबाई:
धाग्याच्या मधे घुसतेय. भाच्याला एएलएल (एक प्रकारचा ल्युकेमिया) आहे, वय १७, आजार दुसऱ्यांदा उलटलाय. कुणी कार-टी म्हणतं, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देतात ते. ते ट्रायलमध्ये आहे की विकत? मायलोमालाही तेच चालतं का?

निवासी:
माळीणबाई, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मंजुरी मिळाली. बी-पेशींचा ल्युकेमिया आणि लिम्फोमा, उलटलेला किंवा दाद न देणारा, वय १५ च्या पुढे. म्हणजे भाच्याचा बी-सेल प्रकार असेल तर वयात बसतो. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली तिच्यात ७३ टक्के रुग्णांत प्रतिसाद दिसला. प्रतिसाद म्हणजे कायमचा बरा असं नव्हे, काहींमध्ये आजार परततो. परदेशी कार-टीपेक्षा खूप स्वस्त, तरी लाखांत आहे. हे औषध पेशीवरच्या सीडी१९ या खुणेवर नेम धरतं, मायलोमात ते लक्ष्य उपयोगाचं नाही, तिथे बीसीएमए ही वेगळी खूण. टी-सेल एएलएल असेल तर हे नाहीच. आधी फ्लोसायटोमेट्रीचा (पेशींचा प्रकार सांगणारा) रिपोर्ट बघा, आणि वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

लॅबवाली:
माळीणबाई, धागा काढलात की सीटीआरआयवर मुलांच्या आणि तरुणांच्या एएलएलच्या चालू चाचण्या शोधून मी तिथे टाकते. रिपोर्टचा फोटो टाकलात तर नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून टाका.

पूर्वभाग:
पुढच्या आठवड्यात स्क्रीनिंगची तारीख मिळालीय. काल आम्हीच क्रिएटिनिन तपासून घेतलं, चाचणीच्या अटीच्या अगदी काठावर आहे. लॅबवाली ताई, काठावर असलं की काय करतात? दुसऱ्यांदा तपासायला देतात का?

लॅबवाली:
बहुतेक चाचण्यांत स्क्रीनिंगच्या मुदतीत एकदा परत तपासायची मुभा असते, फॉर्ममध्ये नसेल तर कोऑर्डिनेटरला विचारा. तोवर मामांना डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची कुठलीही गोळी देऊ नका, पाठ दुखली तर डॉक्टरांना विचारूनच पॅरासिटामॉल. पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा.